जमिनीला न बसणारी पट्टी

कबासोने ही हकिगत मला तीनदा सांगितली. तिन्ही वेळा शब्दन् शब्द तीच. थापा मारणारा माणूस कुठेतरी घसरतोच.

कबासो घसरला नाही.

आणि तो दिवस मलाही आठवतो, कारण मी त्याच ओळीत राहतो. तांब्याच्या खाणीची आमची वस्ती, झांबियातली. ऑक्टोबरचा शनिवार, भर दुपार. वीज गेलेली. पत्रे तापून तडतडत होते.

कबासो सुतार. त्याची धाकटी बहीण न्गोसा सातव्या घरात राहायची. नवरा मुआपे खाणीत, त्या वेळी खाली पाळीवर. चार वर्षांची एकच पोर, लुबुतो.

न्गोसाच्या स्वयंपाकघरात कबासोने नवी कपाटं बसवली होती. फक्त खालची पट्टी राहिली होती. कपाटांचे पाय झाकणारी, सहा इंच उंचीची.

"दादा, आज लावच. उद्या सासूबाई येतायत."

"मग? त्या काय कपाटाखाली झोपणार आहेत?"

"तू ओळखत नाहीस त्यांना. आल्या आल्या वाकून बघतील, खाली काय काय आहे ते!"

कबासो हसला आणि कामाला लागला.

त्या घराची जमीन ओबडधोबड. ओळीतल्या सगळ्याच घरांची तशी. खाली जुने बोगदे आहेत, जमीन बसत जाते. एका बोगद्याचं छत फार वर्षांपूर्वी कोसळलं होतं. काही माणसं वर आलीच नाहीत. त्यावर इथे कुणी फारसं बोलत नाही.

ओबडधोबड जमीन सुताराला नवी नसते. पट्टी जमिनीवर उभी धरायची. एका ठोकळ्यावर पेन्सिल टेकवायची आणि ठोकळा जमिनीवरून सरकवत न्यायचा. जमिनीचा प्रत्येक चढउतार पट्टीवर उमटतो. त्या रेघेवर कापलं की पट्टी चिकटून बसते.

कबासोने रेघ मारली. करवतीने कापली. रंधा फिरवला.

पट्टी लावली...

बसेना. मधोमध दोन बोटं फट.

"हात थरथरतोय तुझा," न्गोसा म्हणाली. "म्हातारा झालास, दादा."

"तुझी जीभ तेवढी तरणी आहे."

त्याने दुसरी पट्टी घेतली. या वेळी दोनदा तपासून रेघ मारली. अंगणात जाऊन कापली. परत आला...

आता फट मधे नव्हती. डाव्या टोकाला होती.

कबासोने दोन्ही पट्ट्या अंगणात शेजारी ठेवल्या. रेघांकडे बघत राहिला.

एक मोठा उंचवटा. मग खोलगट. मग रुंद चढ, मग कमरेसारखा उतार. पुढे लांबच लांब, निमुळता.

कुशीवर झोपलेला माणूस.

दुसऱ्या रेघेतही तोच. फक्त त्याने कूस बदलली होती.

 उन्हाने डोकं फिरलंय, असं म्हणून कबासोने तोंडावर पाणी मारलं. तिसरी पट्टी कापली.

ती मात्र बसली. कागद सरकणार नाही इतकी घट्ट. त्याने खिळे ठोकले.

ठक. ठक. ठक.

तो थांबला.

ठक...

हातोडा त्याच्या हातात, हवेत होता.

"लुबुतो कुठेय?" न्गोसाने विचारलं.

आत्ता तर दारात खेळत होती. अंगणात नव्हती. खोलीत नव्हती. पलंगाखाली नव्हती. कबासोने कपाटाचं एकेक दार उघडून पाहिलं. रिकामं. न्गोसा रस्त्यावर धावली, हाका मारत आली. मीही बाहेर आलो तो त्याच हाका ऐकून.

मग स्वयंपाकघरातून आवाज आला.

"मामा..."

पट्टीच्या मागून.

"मामा, इथे अंधार आहे."

सहा इंचांची ती जागा. मांजर मुश्किलीने शिरेल. कबासोने पट्टीत पटाशी घातली आणि ती उपटून काढली. मोबाईलचा उजेड आत टाकला.

कपाटांचे पाय. धूळ. मागची भिंत.

आणि धुळीत छोट्या तळव्यांचे ठसे... भिंतीकडे जाणारे. त्यांच्या शेजारी दुसरे. मोठ्या माणसाच्या पंजांचे.

परत येणारा ठसा एकही नव्हता.

"काढ ती कपाटं!" न्गोसा ओरडली. "दादा, काढ!"

त्याने कपाटं ओढून बाजूला केली. केलेलं सगळं काम भुईवर आदळलं. खाली सिमेंटची जमीन. कुठे भोक नाही, चीर नाही. न्गोसा नखांनी सिमेंट खरवडू लागली. नखं तुटली तरी थांबेना.

"मामा..."

आवाज आता खालून येत होता.

कबासोने छिन्नी लावली, घण मारला. सिमेंट फुटलं. खाली माती. घट्ट, कोरडी, वर्षानुवर्षं कुणी न हलवलेली. तो उकरत राहिला.

"मामा, काका हात धरून पटपट चालतोय..."

आवाज लांब जात होता. खाली... आणखी खाली.

"त्याचा हात सोड!" न्गोसा खड्ड्यात तोंड घालून किंचाळली. "बाळा, हात सोडव! आईकडे ये!"

"सोडत नाही गं आई. तो विचारतोय..."

मग काहीच नाही. दोघांचे श्वास तेवढे.

"काय विचारतोय? लुबुतो! काय विचारतोय?"

अगदी बारीक, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला.

"पाळी बदलली का?"

कबासो सांगतो, त्या क्षणी त्याने विचार केलाच नाही. तो पालथा पडला. ओठ मातीला टेकले.

"बदलली!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "बदलली, बाबा! तुझी पाळी संपली! माणसं आली तुझ्या जागेवर. पोरीला सोड... तू घरी जा! घरी जा!"



तापलेले पत्रेसुद्धा तडतडायचे थांबले.

मग कोपऱ्यात ओढून टाकलेल्या कपाटाचं दार आतून वाजलं. आधी उघडून पाहिलेलं, रिकामं कपाट. कबासोने दार ओढलं.

आत लुबुतो गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. केसांत पिवळट माती. ऑक्टोबरच्या त्या काहिलीत अंग बर्फासारखं गार. मनगटावर काळी बोटं उमटलेली, चार एकीकडे, अंगठा दुसरीकडे. ते मनगट मी स्वतः पाहिलंय. ते डाग जायला महिना लागला.

न्गोसाने पोरीला छातीशी धरलं आणि ती घराबाहेर पडली. पुन्हा उंबरठा चढली नाही. मुआपे वर आल्यावर त्याने एकट्याने सामान हलवलं. आता ते दुसऱ्या गावी असतात. लुबुतो शाळेत जाते. त्या दुपारचं तिला काही आठवत नाही म्हणे. कुणी विचारतही नाही.

गेल्या महिन्यात त्या घरात नवं कुटुंब आलं. त्यांनी स्वयंपाकघरासाठी कबासोलाच बोलावलं. तो नाही म्हणणार होता, पण राहवेना. लेव्हल घेऊन एकदा आत गेला.

माझ्या ओट्यावर येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"सपाट आहे," तो म्हणाला. "खड्ड्याभोवतीची पूर्ण जमीन. लेव्हलचा बुडबुडा इकडचा तिकडे होत नाही."

"नव्या लोकांनी करून घेतली असेल."

"सिमेंट तेच आहे. मी फोडलेला खड्डासुद्धा तसाच आहे. फक्त कुशीवरचा तो माणूस आता तिथे नाही."

मी त्याला चहा दिला. तो त्याने घेतला नाही. आमच्या ओळीतल्या घरांकडे बघत राहिला, एकेका दाराकडे. खाणीची घरं ही. एक कुटुंब जातं, दुसरं येतं. आधी कोण राहत होतं, कुणाला ठाऊक?

"मीच त्याला घरी जा म्हणालो..." कबासो हळूच म्हणाला. "त्याचं घर यातलं कुठलं, ते विचारलंच नाही."