पंधरा दिवसांचं कुलूप

शिरूरच्या एसटी डेपोसमोर, रसवंतीला लागून, ‘म्हाळसा मोबाईल’ नावाचं सहा फूट रुंदीचं दुकान आहे. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी, सकाळी सव्वादहाला, तिथे एक तरुण आला आणि आत येण्याआधी त्याने पायरीखाली चपला काढल्या.

“अहो, राहू द्या की चपला. देऊळ न्हाई हे,” काउंटरमागची मुलगी म्हणाली.

“बोर्डावर देवीचं नाव हाय, म्हणून...”

“देवीचं न्हाई. माझं हाय.”

तो गडबडला. एक पाय चपलेत, एक बाहेर, अशा अवस्थेतच त्याने फोन पुढे केला.

त्याचं नाव इंद्रजीत. मूळचा दौंडकडचा. रांजणगावच्या एका कारखान्यात दीड वर्ष कंत्राटावर होता, खोली शिरूरला. फोन परदेशातल्या दाजींनी पाठवलेला, नवाकोरा. पण तिकडच्या मोबाईल कंपनीने त्याला असं लॉक घातलं होतं की तो इथलं सिम घ्यायलाच तयार नव्हता.

म्हाळसाने बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि तिच्या टोकाने सिमचा कप्पा उघडला. इंद्रजीत फोनकडे बघायचं सोडून त्या पिनेकडे, त्या बोटांकडे बघत राहिला.

“व्हईल का?”

“व्हईल. उद्या या.”

“धोका न्हाई ना काय? पुढच्या महिन्यापासून हजेरी फोनवरच लागणार हाय. कंपनीचं ॲप घ्यायचंय ह्याच्यात.”

इथे तिने दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या. एक, दाजींनी तिकडच्या कंपनीला रीतसर अर्ज केला, तर पंधरा दिवसांत तीच लॉक काढून देते. दोन, आतली यंत्रणा फोडून लॉक काढलं तर सिम चालतं, पण काही ॲप असा फोडलेला फोन ओळखतात आणि उघडतच नाहीत. दोन्ही तिला पाठ होतं.

“कायबी व्हत न्हाई,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाला. तिसऱ्या दिवशी इंद्रजीत काच बसवायला आला. मग कव्हर घ्यायला. मग पुन्हा काच बदलायला.

“परवाच बसवली की.”

“पडला फोन.”

“काचंवर एक ओरखडा न्हाई!”

“हळू पडला...”

ती हसू दाबत जुनी काच पुसून परत देई, आणि तो नवी काच बसवल्यासारखा खूश होऊन जाई. फर्स्ट शिफ्ट सुटली की साडेतीनच्या सुमाराला तिची नजर आपोआप रस्त्यावर जाऊ लागली. एक गोष्ट तिने हेरली होती. डेपोतल्या कंडक्टरपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे तिला ‘ताई’ म्हणत. हा एकटा नुसता खाकरायचा.

“सगळं शिरूर मला ताई म्हणतं,” एकदा तिने विचारलंच. “तुम्हाला काय अडचण हाय?”

तो कव्हरांच्या रांगेकडे बघत म्हणाला, “हाय अडचण.”

 त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाला चुकीचा चार्जर दिला.

चार डिसेंबरला, शुक्रवारी दुपारी बाराला, तो आला तेव्हा अंगावर कंपनीचा शर्ट नव्हता. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, आणि स्टुलावर तिचे वडील बिरदेव आबा. त्यांनी दोन वर्षांपूर्वी काउंटर तिच्या हाती दिला होता तो एकाच अटीवर, की फोडाफोडीची कामं करायची नाहीत.

“मला एक ओळ लिहून द्या,” इंद्रजीत म्हणाला. “सिमसाठी लॉक काढलं, एवढीच. ॲप म्हणतंय, फोन फोडलेला हाय. हापिसाला वाटतंय, मी घरी बसून खोटी हजेरी लावायला फोडला. चार दिवस झाले, गेटच्या आत घेत न्हाईत. कायम करायच्या यादीत नाव हाय माझं. उद्या यादी जायचीय.”

आबांनी मान वर केली. “आपण असली कामं करतो व्हय गं?”

तिन्ही गिऱ्हाइकं बघत होती.

“न्हाई, आबा,” म्हाळसा म्हणाली. “ह्यांनीच काहीतरी केलं असंल.”

इंद्रजीतने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुणीतरी दुसरंच तिथे उभं आहे की काय, हे नीट पाहून घ्यावं, तसं.

“बरं, ताई,” तो म्हणाला, आणि पायरी उतरला.

त्या दुपारी तिच्याकडून एक साधा स्पीकर बसेना.  “ताई, रिचार्ज”, “ताई, इयरफोन”, प्रत्येक हाकेला तिची मान खाली जाई. शनिवार, रविवार तिने आरशात न बघता वेणी घातली.

सोमवारी सकाळी तिने आबांना सगळं सांगितलं. 

“माझ्याशी खोटं बोललीस ते ऱ्हाऊ दे. त्या पोराला चोर ठरवलंस, पोरी.” मग त्यांनी काउंटरवरची किल्ली उचलली. “दुकान मी बघतो. जा.”

अकरा वाजता ती रांजणगावला कारखान्याच्या ऑफिसात उभी होती. समोर प्रतिभा मॅडम, हजेरी आणि भरतीचं काम बघणाऱ्या.

“फोन मी फोडला. त्यांनी धोका विचारला होता. मी न्हाई म्हटलं. मग सगळ्यांसमोर त्यांच्यावरच ढकललं.”

“हे लेखी द्याल? मी दुकानाच्या नावासकट नोटीस लावणार. इथून फोन दुरुस्त करून घेऊ नका म्हणून.”

म्हाळसाने लिहून दिलं. सही करताना स्वतःचंच नाव तिला परकं वाटलं. इंद्रजीत उद्यापासून कामावर येईल, मॅडम म्हणाल्या. पण यादी शनिवारीच गेली होती. पुढची सहा महिन्यांनी.

निरोप मिळून तो गेटवर आला, तेव्हा ती बाहेर गुलमोहराखाली उभी होती. मान वर होईना.

“सहा महिने गेले तुमचे. माझ्यामुळं.”

“व्हय,” तो म्हणाला. त्याने ते हलकं केलं नाही.

“अजून एक हाय...” ती अडखळली. “रीतसर पण निघतं लॉक. दाजींनी अर्ज केला की पंधरा दिवसांत. मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं.”

“मग सांगितलं का न्हाई?”

कंपनीची बस धूळ उडवत गेली. त्या धुळीकडे बघत म्हाळसा म्हणाली,

“पंधरा दिवस थांबा म्हटलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या दुकानात गेला असता. आन् मला... तुम्ही उद्या यायला हवे होतात.”

इंद्रजीतने खिशातून फोन काढला, क्षणभर तळहातावर तोलला आणि तिच्यापुढे धरला.

“होता तसा करून द्या.”

“सिम बंद पडंल मग.”

“पडू दे. दाजींना अर्ज करायला सांगतो.” तो पहिल्यांदा किंचित हसला. “आन् पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस, म्हाळसा, तर लॉक निघालं का ते विचारायला पंधराही दिवस आलो असतो.”

तिने बांगडीतली पिन काढली. सिमचा कप्पा उघडायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला.