पारधेमामांची साक्ष आणि खात्रीमापक

रविवारी उपासनेला लोक जमले, तेव्हा गीतक्रमांकाच्या लाकडी पाटीशेजारी एक काळी, चकचकीत पाटी लटकत होती. बोलणाऱ्याच्या आवाजातली थरथर आणि श्वासाची लय टिपून, त्याला स्वतःच्याच वाक्याची किती खात्री आहे ते ती शंभरपैकी आकड्यात दाखवी. नाव खात्रीमापक. एव्हाना तो कोर्टात होता, बँकेत होता आणि लग्नाच्या हॉलमध्येही. तिथं नवरदेवाला चाळीसच्या वर मिळाले की बँडवाले वाजवायला घेत.

चर्चला तो सुवार्ता भिंगारदिवेनं आईच्या स्मरणार्थ दिला होता. आईचा आयुष्यभर मिक्सरवरसुद्धा विश्वास नव्हता. पण वस्तू फुकट होती, म्हणून पाळकसाहेबांनी प्रार्थना करून ती स्वीकारली.

देण्याचं खरं कारण वेगळंच होतं. सुवार्ता कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि रविवारी शब्बाथशाळेत मुलांना बायबल. एका मुलीनं विचारलं, सहा दिवसांत सगळं झालं तर डायनासोर कुठल्या वारी झाले? सुवार्ता म्हणाली, "माहीत नाही. शोधू या." पुढच्याच रविवारी चर्चचे पंच नथानिएल पारधेमामा यांनी सगळ्यांदेखत तिचा वर्ग काढून घेतला. ज्या तोंडाला खात्री नाही त्यानं देवाचं वचन शिकवू नये, म्हणाले. तेव्हापासून वर्ग तेच घेत. डायनासोर त्यांनी शुक्रवारी दुपारी बसवले होते.

सुवार्तानं तो अपमान लोणच्यासारखा मुरवला होता. आज बरणी उघडायची होती.

साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वास सगळ्यांसमोर बोलून दाखवायला, नेहमीप्रमाणे मामाच पहिले उठले. "माझा तारणारा जिवंत आहे, याची मला पूर्ण खात्री आहे."

पाटीवर आलं: ३४.

मामांनी घसा खाकरून तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. ३१. मग त्यांनी स्वतःचं नाव सांगून पाहिलं. ९७. "यंत्र बिघडलंय," ते म्हणाले. १२. मागच्या बाकावर कुणीतरी रुमालात हसलं. सुवार्तानं प्रभूचे मनापासून आभार मानले.

पण मामा खाली बसेनात. पाटीकडे पाठ करून ते हळूच म्हणाले, "बायको गेल्यापासून रोज सकाळी हेच वाक्य म्हणतो. ऐकणारं कुणी आहे का, माहीत नाही."

१००.

शंभर तर कुणी कोर्टातही पाहिले नव्हते. हसणारा रुमाल आता डोळ्यांकडे गेला. सुवार्ताला वाटलं, हातातोंडाशी आलेला घास म्हाताऱ्यानं पळवला.

मामांनी वळून आकडा पाहिला, मग तिला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जुनं तेज चढलं.

"सुवार्ताबाई, चूक माझी होती. पुढच्या रविवारपासून वर्ग तुझा." ते थांबले. "फक्त इथं ये आणि मला क्षमा केलीस, एवढी साक्ष दे. पाटीसमोर."

सगळी मंडळी वळली. पहिल्या बाकावरची मुलं तर पाटीकडेच बघत होती.

सुवार्ता पुढं गेली. मामांनी अदबीनं जागा करून दिली आणि ते तिच्या कानाशी पुटपुटले, "सावकाश बोल हं, बाई. मला घाई नाही."

पाटी कोरी होती. रोज सकाळी, चौतिसाच्या खात्रीवर, मामा ते वाक्य म्हणत आले होते. क्षमाही आधी नुसती म्हणायची आणि मग कधीतरी खरी व्हायची असेल, तर तिला आज किती मार्क मिळतील?