कोणी हलू नका

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माहितीपट संपला. पडदा काळा पडला. खोलीत अकरा माणसं होती. चार वाजून छत्तीस मिनिटांपर्यंत त्यांतलं एकही जागचं हललं नाही.

ही घडलेली गोष्ट आहे. यातल्या वेळा दारावरच्या कॅमेऱ्यातून आणि संकलन करणाऱ्या बाईच्या वहीतून घेतल्या आहेत. पटत नसेल त्याने सोडून द्यावी. त्या अकरा जणांपैकी नऊ जण या विषयावर बोलत नाहीत.

माहितीपट एका मोठ्या गायिकेच्या तालमींवरचा. संकलन धाकटी बहीण करत होती. आवाज थोरल्या भावाने घेतला होता. युनिटमध्ये त्याला सगळे 'कान' म्हणायचे. वरच्या मजल्यावरचा कुठला पंखा कुरकुरतोय, हे तो खालून सांगायचा.

कानची एक पद्धत होती. दिवसाचं काम आटोपलं की तो त्या जागेची शांतता रेकॉर्ड करायचा. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. दोन वाक्यांमधली फट बुजवायला संकलनात तो लागतो. कान आपल्या सामानाच्या पेटीवर बसायचा, हेडफोन लावायचा, मान खाली घालून डोळे मिटायचा.

"कोणी हलू नका."

तीस सेकंदांनी एक खोल श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "झालं."

तोवर हलायचं नाही म्हणजे नाही. एकदा दिग्दर्शक शिंकला, तर त्याने पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

"अरे, शिंक नंतर काढून टाक की!"

"शिंक निघेल हो. बाकीच्यांनी दाबलेलं हसू कसं काढू?"

तालमीच्या नवव्या दिवशी, दुपारी, तो पेटीवर बसला आणि म्हणाला, "कोणी हलू नका."

चाळीस माणसं थबकली. वादक, नर्तक, दिवेवाले. गायिकेचा एक पाय पायरीवर होता, तो तिथेच राहिला.

तीस सेकंद गेले.

एक मिनिट गेलं.

दोन...

त्याची मान खाली होती. डोळे मिटलेले होते. रोजच्यासारखेच. आज शांतता जास्त लागत असेल, असं चाळीस जणांना वाटलं.

चार मिनिटं अकरा सेकंदांनी हेडफोन त्याच्या डोक्यावरून घसरून जमिनीवर पडला.

पहिल्या दोन मिनिटांत कोणी हात लावला असता तर, इतकंच डॉक्टर म्हणाले. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

बहीण रडली नाही. सहाव्या दिवशी ती कामावर आली. भूक लागायची, झोप लागायची, त्यापलीकडे काही वाटत नव्हतं.

"दगड आहेस का गं तू?" वहिनीने फोनवर विचारलं.

"माहीत नाही, वहिनी."

तीनशे तासांच्या चित्रीकरणात दादा कुठेच नव्हता. जन्मभर लोकांचे आवाज जपले, पण त्याचा स्वतःचा आवाज म्हणजे ती रोजची दोन वाक्यं. शेवटच्या दिवशी तर एकच. त्या फाइलची लांबी तिने वहीत लिहून ठेवली : चार मिनिटं अकरा सेकंद. त्यातले पहिले तीस सेकंद कापून तिने माहितीपटाच्या शेवटी, काळ्या पडद्यावर ठेवले. त्या तीस सेकंदांत दादा अजून होता, असा तिचा हिशेब.

आणि त्या दुपारी तिच्यासह अकरा जणांनी माहितीपट पाहिला.

कोणी हलू नका, असं दादाचा आवाज म्हणाला... मग शांतता.

चार छत्तीसला दार उघडलं. बादली घेऊन सफाईवाल्या मावशी उभ्या होत्या.

"झालं की नाही तुमचं? फरशी पुसायचीय मला."

अकरा जणांनी एकदम श्वास सोडला.

अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ गेला असं कोणालाच वाटत नव्हतं. गायिकेच्या मॅनेजरने कॉफी तोंडाला लावली. ती गार होती. दिग्दर्शकाने घड्याळ कानाला लावून पाहिलं.

"भारावले लोक," तो म्हणाला. "परिणाम म्हणतात तो हाच."

सगळे गेल्यावर बहिणीने मूळ फाइल उघडली.

लांबी : तीस मिनिटं अकरा सेकंद.

ती ऐकत बसली. चार मिनिटं अकरा सेकंदांनंतर तालमीच्या हॉलचा आवाज बदलला. खुर्ची करकरली. कोणाच्या तरी पोटात गुरगुरलं. एक खोकला आला, तो तिचा स्वतःचा होता. आणि या सगळ्यापेक्षा जवळ, माइकला अगदी लागून... कोणीतरी श्वास घेत होतं.

शेवटी दाराची कडी वाजली. मावशींचा आवाज येण्याआधीच फाइल तुटली.

दुसऱ्या दिवशी ती दिग्दर्शकाला म्हणाली, "तो शेवट काढू या."

"डोकं ठिकाणावर आहे ना? गायिकेने स्वतः सांगितलंय, शेवट हाच राहील म्हणून."

तिने फार ताणून धरलं नाही. शेवट काढला तर तो श्वास पुन्हा कुठे मिळणार होता?

पहिला जाहीर खेळ रविवारी चार वाजता लागला. तीनशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. ती मुद्दाम आत गेली नाही. साडेपाचला माहितीपट संपला असणार.

"आज टाळ्या नाहीत वाटतं, ताई?" दारावरचा माणूस म्हणाला.

पाच चाळीस. कोणी बाहेर आलं नाही.

पाच पन्नासला तिने दार ढकललं.

तीनशे चेहरे काळ्या पडद्याकडे वळलेले. कोणी खोकत नव्हतं. एसीची घरघरसुद्धा ऐकू येत नव्हती. फक्त स्पीकरमधून, चारही बाजूंनी... श्वास.

तिने दादाचा श्वास ओळखला.

एक शब्द बोलली असती तर सगळे सुटले असते. तिला ते माहीत होतं. पण तो श्वास आता खोल होत चालला होता. बोलण्याआधी दादा घ्यायचा तसा. आता म्हणेल. ती थांबली.

आता म्हणेल...

तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्या गृहस्थांचा चष्मा खाली पडला. मान छातीवर कलली. शेजारी त्यांची बायको होती. तिचा हात त्यांच्या हातावर होता. तिने पडद्यावरची नजर काढली नाही.

"झालं," बहीण म्हणाली. आवाज फुटला नाही.

"झालं!"

हॉलभर श्वास सुटला. मग ती बाई किंचाळली.

तांत्रिक कारणामुळे माहितीपट मागे घेतला आहे, असं दुसऱ्या दिवशी जाहीर करण्यात आलं. ते गृहस्थ अतिदक्षता विभागात आहेत. अजून बोलत नाहीत. बहीण रोज संध्याकाळी तिथे जाते आणि त्यांच्या बायकोशेजारी बाकावर बसते. ती बाई तिचे हात धरून म्हणते, "तू वेळेवर आलीस गं, बाळा."

आपण पाच चौपन्नला आत गेलो, असं तिने सगळ्यांना सांगितलंय. दारावरच्या कॅमेऱ्यात पाच पन्नास दिसतात. ते त्यांपैकी अजून कोणी पाहिलेलं नाही.

फाइल तिने पुन्हा ऐकलेली नाही. रोज सकाळी फक्त लांबी वहीत लिहिते. रविवारपासून कालपर्यंत चौपन्न मिनिटं अकरा सेकंद होती.

आज पावणेदहाला चौपन्न मिनिटं बारा सेकंद होती.