गोधडीतलं लिंबू

गोधडीत गुंडाळलेलं लिंबाचं झाड काळं पडलं होतं आणि गोधडी न मिळालेलं हिरवंगार उभं होतं. शर्वाणी दोन्ही झाडांकडे आळीपाळीने पाहत राहिली. उलटं व्हायला हवं होतं ना?

२०६१ सालच्या डिसेंबरातली ही सकाळ. अकरा वर्षांची शर्वाणी मूळची गुहागरची. आईची बदली सातपुड्यातल्या डाब गावच्या हवामान केंद्रावर झाली, तेव्हा येताना तिने लिंबाची दोन कलमं आणि माडाचं एक रोप हट्टाने सोबत आणलं होतं. समुद्रकाठच्या पोरीला थंडी ठाऊक होती ती पहाटे पांघरूण ओढून घेण्यापुरती. इथे मात्र गवतावरचं दव गोठून मिठासारखं पांढरं होई. म्हणून काल संध्याकाळी तिने आपली गोधडी अंगणातल्या लिंबाला मुळापासून शेंड्यापर्यंत घट्ट गुंडाळली. दुसरी गोधडी नव्हती, तेव्हा आंब्याखालचं लिंबू तसंच राहिलं.

शेजारी डॉ. जामसिंग पावरा राहत. उभी हयात वनस्पतींच्या अभ्यासात घालवून ते निवृत्तीनंतर आपल्या गावी परतले होते. सोबत असे टिचकी, बकरीएवढी, चार पायांची रोबो. ती गावभर मातीचं आणि हवेचं तापमान मोजत हिंडे.

"आजोबा, ज्याची काळजी घेतली तेच मेलं," शर्वाणी म्हणाली.

आजोबांनी खोडाची साल नखाने जराशी खरवडली. आत हिरवं दिसलं. "पानं गेली, पण खोड जिवंत आहे. आता मला सांग, रात्री गोधडीत तुला ऊब कोण देतं?"

"गोधडीच की."

अंगणातला एक दगड आजोबांनी गोधडीच्या एका टोकात गुंडाळला आणि दुसरं टोक शर्वाणीच्या हाताभोवती लपेटलं. मग तिघं पायरीवर बसून राहिली. अर्ध्या तासाने टिचकीने दोन्हीकडे आपली तापमान मोजायची सळई खुपसली.

"हात एकतीस अंश. दगड सहा अंश. बाहेरची हवा सात."

शर्वाणी हळूहळू म्हणाली, "म्हणजे ऊब माझ्या अंगात तयार होते. गोधडी ती फक्त अडवून धरते. आणि झाडाच्या अंगात..."

"जवळजवळ काहीच तयार होत नाही. दगडासारखंच ते."

"मग आंब्याखालच्या लिंबाला ऊब कुणी दिली?"

आजोबांनी टिचकीला खूण केली. तिने सळई जमिनीत रोवली. "एक वीत खोल, पंधरा अंश."

"जमीन दिवसभर ऊन पिते," आजोबा सांगू लागले. "रात्री तीच उष्णता ती अवरक्त किरणांच्या (डोळ्यांना न दिसणारे, उष्णता वाहून नेणारे किरण) रूपाने वर सोडत राहते. आभाळ निरभ्र असलं की अडवायला कोणी नसतं, उष्णता सरळ अंतराळात निघून जाते. काल आंब्याच्या पानांनी ती अडवली आणि बरीचशी खाली परत पाठवली. उघड्यावरच्या लिंबाला असं छप्पर नव्हतं. वर तुझ्या गोधडीने जमिनीची ऊब झाडापर्यंत पोचूच दिली नाही."

तेवढ्यात आई केंद्रावरून आली. तिचा चेहरा पाहूनच शर्वाणी उठून उभी राहिली. "उद्या पहाटे उणे चार अंश," आई म्हणाली. "इतक्या थंडीत माड टिकणं कठीण आहे, शर्वाणी."

माड छातीएवढा झाला होता. त्याच्या शेंड्याच्या पोटात एकच कोंब असतो. झावळ्या करपल्या तर नव्या येतात, पण कोंब गोठला की सगळं संपलं.

"कठीण आहे, अशक्य नाही," आजोबा म्हणाले. "काय करायचं, तूच सांग."

शर्वाणीने माडाभोवतीची जमीन पाहिली. थंडी लागू नये म्हणून तिनेच तिथे सुकं गवत जाड पसरलं होतं. ते तिने आधी दूर केलं, जमिनीला ऊन पिऊ दिलं. दुपारी भरपूर पाणी घातलं, कारण ओल्या मातीत उष्णता जास्त साठते असं आजोबांनी सांगितलं. मग तीन बांबू रोवून वर ताडपत्री टाकली, पानांना न टेकणारी आणि चारी बाजूंनी जमिनीपर्यंत पोचणारी. दोन्ही लिंबांच्या खोडांना कलमाच्या सांध्याच्या वरपर्यंत मातीची भर दिली. वरच्या फांद्या गेल्या, तरी तिथून झाड पुन्हा फुटलं असतं.

संध्याकाळी आजोबा टिचकीला तंबूपाशी ठेवून घरी गेले. सातच्या सुमारास टिचकीने कळवलं, "तंबूत सहा अंश, बाहेर पाच."

फरक फार थोडा होता. "वरून गोधडी घालूया का?" आईने विचारलं.

शर्वाणीने जरा विचार केला. "नको. ऊब खालून येते आहे, पण आत राहत नाहीये. कुठेतरी वाट असणार." विजेरी घेऊन ती तंबूभोवती फिरली. वाऱ्याने एका बाजूची कड उचलली होती आणि खालून गार हवा आत शिरत होती. तिने आणि आईने मिळून चारही कडांवर माती ओढली. पाऊण तासाने टिचकी म्हणाली, "आत आठ." मगच शर्वाणी झोपायला गेली.

सकाळी अंगण पांढरंशुभ्र झालं होतं. टिचकीने रात्रीतले सर्वांत कमी आकडे सांगितले: बाहेर उणे चार, तंबूत दोन. शर्वाणीने ताडपत्री उचलली. बाहेरच्या दोन झावळ्यांची टोकं तपकिरी झाली होती. मधला कोंब घट्ट आणि हिरवा होता. तिने त्याला हलकेच बोट लावलं.

"आता ताडपत्री काढून ठेव," कुंपणापलीकडून आजोबा म्हणाले. "जमिनीला आजचं ऊन मिळू दे."

थंडीची लाट आणखी तीन दिवस राहणार होती आणि आसपासच्या पाड्यांवर लिंबं पुष्कळ होती. केंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून काय सांगायचं, असं आईने आजोबांना विचारलं. त्यांनी शर्वाणीला पुढे केलं. "तू मराठीत सांग, मी आमच्या पावरी बोलीत सांगतो."

शर्वाणीने घसा साफ केला. "झाडाला गुंडाळू नका," ती म्हणाली. "झाडासकट जमीन झाकून घ्या."

दुपार कलली तसे उतारावर ठिकठिकाणी ताडपत्रीचे तंबू उभे राहू लागले. टिचकी एकेका तंबूच्या कडा तपासत निघाली.

"आजोबा, पुढच्या वर्षी इथे मोसंबी लावता येईल?"

"मोसंबीही आणि संत्रीही," आजोबा म्हणाले. "बांबू मात्र आतापासून जमवायला हवेत."

शर्वाणी कोयता घेऊन त्यांच्या मागे निघाली.