नकारापुरतं छप्पर

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं ज्याने म्हणून ठेवलं, त्याच्यावर भाड्याचं घर शोधायची वेळ आली नसावी. नाहीतर दुसऱ्याशिवाय पहिलं मिळत नाही, हेही त्याने सांगून ठेवलं असतं.

ती वकील होती. भेदभावाविरुद्धच्या नव्या कायद्याचा मसुदा तिच्याकडे होता. जात, धर्म, रंग, लिंग, अपंगत्व, लग्न झालं-न झालं, कशावरूनही कुणाला नोकरी, उपचार किंवा घर नाकारायचं नाही, असं तिने दिवसभर लिहायचं. आणि संध्याकाळी ‘एकट्या बाईला आम्ही देत नाही हो’ हे ऐकून दादाच्या सोफ्यावर येऊन झोपायचं. वहिनी बोलायची काही नाही. सकाळी उशा तेवढ्या जरा जोरात झटकायची.

अशाच एका संध्याकाळी घर बघायला आलेली ती तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दाराशी छत्री निथळवत उभी होती. शेजारी आणखी एक छत्री येऊन निथळू लागली. छत्रीमागे तो. दोघं काही बोलणार, तेवढ्यात दार उघडलं.

“या, या,” घरमालकीण काकू खूश होऊन म्हणाल्या. “जोडा छान आहे.”

खुलासा करायच्या आत हातात चहा आला. काकांनी आतली खोली दाखवली. “इथे पाळणा बसेल. मोजून बघितलंय.”

तिला ठसका लागला. “आम्ही... जोडा नाही आहोत.”

“आत्ताच दारात भेटलो,” तो म्हणाला.

काका सभ्य गृहस्थ. चहा त्यांनी परत मागितला नाही, फक्त खोली मागे घेतली. “एकट्या मुलीची काय, जबाबदारी असते.”

“आणि माझी?” त्याने विचारलं.

“एकट्या मुलाची भीती असते.”

“पण दोघं मिळून आत्ता चालत होतो की,” ती म्हणाली. “काका, मी याच विषयावर कायदा लिहितेय.”

“लिहा ना, बाळ. लिहायला कोण नाही म्हणतंय?”

जिना उतरताना ती धुमसत होती. तो गालात हसत होता.

“हसताय कशाला?”

“नाही... पाळण्याची जागा खरंच चांगली होती. उजेड, वारा...” तिने बघितलं तसा तो घाईने म्हणाला, “अहो, मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. माझं लक्ष जातंच.”

“पुरुष असून?” तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

“हे तुमच्या कायद्यात बसतं का हो?”

खाली रस्त्यावर आल्यावर तिने आपली छत्री मिटलेलीच ठेवली, आणि त्याच्या छत्रीखाली चालू लागली. दंड समजून, असं तिने स्वतःला सांगितलं.

मग घरं दोघांनी मिळून शोधली. म्हणजे नकार मिळून ऐकले. तो तात्पुरता रुग्णालयाच्या विश्रांतीच्या खोलीत झोपत होता. तिथल्या खाटेबाहेर त्याचे पाय लोंबायचे. नकार ऐकून झाला की रुग्णालयासमोरच्या टपरीवर चहा. तिथे ती मसुदा तपासणाऱ्या समितीबद्दल चिडचिड करायची, आणि तो तिच्या कपातली साय न सांगता काढून टाकायचा.

“अविवाहितांचा उल्लेख गाळायचा म्हणतायत. अध्यक्ष म्हणतात, अविवाहित असणं ही सर्दीसारखी अवस्था आहे. जाते आपोआप.”

“मग?”

“मग साक्षीदार हवाय. स्वतः नकार खाल्लेला. नाहीतर उल्लेख गेला, आणि मी जन्मभर सोफ्यावर. ...तू येशील?”

तो थबकला. आतापर्यंत ‘तुम्ही’ चाललं होतं. “येईन,” तो म्हणाला. “तू... म्हणालीस ना.”

समितीपुढे त्याने एकेक जिना सांगितला. अध्यक्षांनी चष्मा पुसला. “ही मुलगी अविवाहित, तुम्ही अविवाहित. करून टाका की लग्न. कायद्याचा खर्च वाचेल.”

समिती हसली. इतकं एकमत त्या दालनात कधीच झालं नव्हतं. तिचे कान तापले.

“विचारणारच होतो, साहेब,” तो म्हणाला. “आज संध्याकाळी. पण आता पंचाईत झालीय. हो म्हणाली, तर तिला मी हवा होतो की खोली, हे मला कसं कळणार? आणि नाही म्हणाली, तर ती राहणार कुठे? नाही म्हणायलाही डोक्यावर छप्पर लागतं, साहेब. तेवढंच मागतोय.”

कुणी हसलं नाही. उल्लेख एका मताने वाचला. ते मत अध्यक्षांचं नव्हतं. मसुदा आता सभागृहात जाणार होता. म्हणजे तिथे लोळणार होता.

बाहेर व्हरांड्यात तिने त्याला गाठलं.

“मला विचारायच्या आधी समितीला विचारलंस?”

“विचारलं नाही... कळवलं.”

“माइकवरून.”

त्याने खिशातून किल्ली काढली. “आमच्या जुन्या मेट्रनबाईंच्या घरातली वरची खोली. एकटी बाई चालेल का, विचारलं. म्हणाल्या, मी इतकी वर्षं एकटी चालतेय, तिला काय धाड भरलीय?”

“मग तू का नाही घेतलीस?”

“तुला आधी हवी होती.” त्याने किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली. बोटं जरा रेंगाळली... मग बाजूला झाली. “तुझी आहे. काही अट नाही. आता विचारतो. लग्न करशील माझ्याशी?”

तिने किल्लीकडे पाहिलं. कित्येक महिने सगळं जग तिलाच नाही म्हणत होतं. तिला नाही म्हणायची संधीच मिळाली नव्हती.

“नाही,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली. “बरं,” तो म्हणाला. “सामान हलवायला रविवारी येऊ ना?”

तो वळला. ती वैतागून बघत राहिली. या माणसाला भांडताही येत नव्हतं.

“अरे, थांब की. नाही म्हणून बघत होते.”

“...मग?”

“म्हणता येतं. किल्ली हातातच आहे.” तिने मूठ मिटली आणि त्याच्याजवळ आली. “आता पुन्हा विचार. आणि या खेपेला जरा हळू.”