स्क्रीनवरच्या बाई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग नीट ऐका.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मला रजा हवी होती. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, जाण्याआधी अपूर्णांकांचा एक धडा रेकॉर्ड करून ठेवा. मुलं वर्गातल्या मोठ्या स्क्रीनवर बघतील." शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात मोबाइल बाकावर पुस्तकांना टेकवून ठेवला आणि शिकवायला लागले. आता हाडीमासी खिळलेली सवय जाते थोडीच! प्रश्न विचारला की मी थांबते, मुलांना बोलू देते. समोर चिटपाखरू नव्हतं, तरी थांबतच होते. "अर्ध्याचं अर्धं किती?" मग शांतता. मग "शाब्बास!" आणि पुढे चालू. घरी नवऱ्याला दाखवलं, तर तो पोट धरून हसला. "भिंतींना शाब्बासकी देतेस होय गं?" तरी मी तसाच पाठवून दिला.

रजेवरून परतले, तर स्वागत राहू द्या, कुणी मान वर करून बघितलं नाही. सगळे स्क्रीनकडे. पहिल्या बाकावरची माझी चिमणीसुद्धा. मधल्या सुट्टीत माझं बोट सोडायची नाही ही पोर!

"जरा बाजूला व्हा ना," ती म्हणाली. "आमच्या बाई दिसत नाहीयेत."

आमच्या बाई! नाक माझं, चष्मा माझा, आणि मी कोण मग? तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, मी आलेय ना आता. मी शिकवते."

"तुम्ही ओरडता. त्या नाही ओरडत. त्यांनी आम्हाला दशांशसुद्धा शिकवले."

दशांश मी रेकॉर्ड केलेच नव्हते... पण खरं सांगू? तेव्हा मला भीती वाटलीच नाही. नुसता जळफळाट झाला. वर्ग मी घडवलेला, आणि लाडकी ती! वर माझ्यापेक्षा गोड हसत होती, मेली. मी सरळ जाऊन स्क्रीन बंद केला, वायरही उपटून काढली.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. वर्गात अंधारलं, तापलेल्या प्लास्टिकचा वास येत होता. वाटलं, आता गलका होईल. पण एक मूल हललं नाही. हाताची घडी घालून सगळी त्या काळ्या काचेकडे बघत बसली.

"सांगा बरं," मी म्हटलं, "अर्ध्याचं अर्धं किती?"

कुणी बोलेना. मी पुन्हा विचारलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

तेवढ्यात काचेतून हळूच आवाज आला. माझाच.

"सांगा बघू, बाळांनो..."

"पाऽव!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

माझे पाय आपोआप मागे सरकले. दाराच्या बाहेर कधी आले, कळलंही नाही. वायर अजून माझ्या मुठीत होती.

"चिमणे," आतून आवाज आला, "दाराशी... कोण आहे गं?"

चिमणीने वळून बघितलं. मी हात पुढे केला. म्हटलं, ये गं, माझी बाय ती, ये ना. ती उठली, माझ्यापर्यंत आली. माझ्या डोळ्यांत डोळे घालून तिने कितीतरी वेळ पाहिलं.

"कोणी नाही, बाई," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.