बाबांचं दूध

लखमीचंदांच्या आयुष्यातल्या शेवटच्या साध्यासुध्या दिवशी त्यांची मुलगी जिनल मालेगावच्या मेडिकलमध्ये बीपीच्या गोळ्या आणायला गेली होती. गोळ्यांची पट्टी दहा दिवस पुरायची. ती आठव्याच दिवशी जायची. काउंटरमागे दिनेश असायचा — गावाबाहेर भाजीचा मळा करणाऱ्या उत्तमरावांचा मुलगा.

“गोळ्या संपल्या, का रस्ता चुकला?”

“तुमी गोळ्या द्या… चौकशा कायले?”

त्याने पाकीट पुढे केलं, पण लगेच सोडलं नाही. तिनेही ओढलं नाही.

“बाबांनी दूध सोडलं,” ती म्हणाली. “ही गोळी कॅल्शियम अडवते, असं कुठंतरी वाचलं. म्हणतात, गोळी अडवते अन् आपण पाजत राह्यचं काहून? आम्हा जैनांत चातुर्मासात पालेभाजी बंदच, आता दूधही बंद.”

दिनेश हसला नाही. “संध्याकाळी येतो. दिवस मावळायच्या आत, म्हणजे काकांना दूध घेता येईल.”

तो आला, लखमीचंदांच्या दुकानातल्या गादीच्या कडेला बसला.

“काका, रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असते. त्यात कॅल्शियम शिरलं का तो आवळते, दाब वाढते. गोळी तेवढंच दार लावते. दुधातलं कॅल्शियम शरीराले पायजेच. ते कमी पडलं, तरी दाब वाढू शकते.”

लखमीचंदांनी दूध मागवलं आणि पेला रिकामा केला. “पोट्टं हुशार हाय. नाही का वं, जिनल?”

तिच्या ओठांवर पुष्कळ काही आलं… “हो,” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर उचलताना ते कोसळले, ते गेलेच. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षांचा दाब.

आत्या मोतीबाईंनी मात्र वेगळंच कारण शोधलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत, दिनेशच्या सांगण्यावरून प्यायलेल्या दुधानंच घात केला. ते दिनेशच्याही कानावर गेलं. पंधरा दिवसांनी तो आला, तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

“मावशी, मी…” तो जिनलच्या आईला, प्रेमाबाईंना म्हणाला.

“आता कोणाले पाजाले आला?” मोतीबाई.

तो वळला. चपलेत पाय घालू लागला.

जिनल उठली. “आत्या, दुधानं काई झालं नाही. डॉक्टरले इचारा.” मग आईकडे पाहून, आवाज न चढवता म्हणाली, “बाबाले सांगायचं राह्यलं, आई. मले दिनेश आवडते.”